आधी गाडी की आधी केंद्र?

विजेवरची मोटार घेतली, तर वाटेत झटपट चार्जिंग कुठे होणार? प्रश्न आजचा वाटतो, पण तो शंभर वर्षांहून जुना आहे.

१९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,५७५ विजेवर, १,६८१ वाफेवर आणि फक्त ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेची गाडी ना धूर सोडी, ना गोंगाट करी. अडचण होती बॅटरीची. शिसे-आम्ल बॅटरीत घाईने मोठा प्रवाह सोडला, की ती तापते, पाण्याचे विघटन होऊन वायू सुटतात आणि पट्ट्या खराब होतात. म्हणून चार्जिंगला कित्येक तास लागत.

हार्टफर्ड शहरातील वीज कंपनीने युक्ती काढली. टपालगाडीचे दमलेले घोडे बदलावेत, तशी बॅटरीच बदलायची! ग्राहकाने बॅटरीविना गाडी घ्यावी आणि मैलांप्रमाणे पैसे द्यावेत. ही सेवा १९१० ते १९२४ पर्यंत चालली.

पण शहराबाहेर काय? पेट्रोल डब्यात भरून खेड्यातल्या दुकानातही ठेवता येई. वीज मात्र तारेशिवाय पोहोचत नसे. १९३० च्या सुमारासही अमेरिकेत दहांपैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. त्यातच १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि पेट्रोल गाडीला हँडल मारण्याचा त्रासही संपला.

वर्गात हे गणित घालून पाहा: ३० युनिटची बॅटरी ३ किलोवॅटने भरायला किती वेळ लागेल? ६० किलोवॅटने? दहा तास आणि अर्धा तास, यांतल्या अंतरातच विजेची मोटार अडून राहिली होती.