परदेशी सांगाडा, देशी मिस्त्री

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने 1928 साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने खोक्यांतून यायचे आणि ते जोडून शेवरोलेच्या मोटारी आणि ट्रक बाहेर पडायचे. पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत जोडणी सुरू केली. देशी गाडी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. घेणाऱ्यापुढे निवड असे ती अमेरिकन की इंग्लिश एवढीच. गाडी मुंबईत जोडलेली असली तरी तिचा क्रँक, पिस्टन किंवा गिअरचा दात तुटला की पुढची बोट येईपर्यंत थांबावे लागे. गाडी किती वर्षे चालणार हे तिच्या लोखंडाइतकेच बंदरात उतरणाऱ्या मालावर अवलंबून होते.

हे परावलंबन मोडण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1930 च्या दशकात मांडली. मुंबई इलाख्यात मोटारींचा कारखाना उभारावा, असा त्यांचा आग्रह होता आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने त्याला पाठिंबाही दिला. पण महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि योजना मागे पडली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी मात्र तिचा पिच्छा सोडला नाही. ब्रिटिश सरकार युद्धकाळात दाद देत नव्हते. तरीही त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी संधान बांधले, 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी आणि फार्गो हा ट्रक ही सगळी नावे अमेरिकन होती, पण कारखाना इथला होता. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही 1942 मध्ये स्थापन झाली होती. तिचे काम ओख्याला सुरू झाले आणि नंतर कोलकात्याजवळ उत्तरपाऱ्याला गेले.

निरनिराळ्या देशांच्या गाड्या एकाच मालकाकडे एकाच वेळी वापरात असण्याचे उदाहरण महाराष्ट्रात घडले ते एसटीच्या रूपाने. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. ती लाकडी बॉडीची बेडफर्ड होती. सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. दहा बनावटी म्हणजे भांडारात दहा तऱ्हेच्या क्लच प्लेटा, दहा तऱ्हेची ब्रेक लायनिंगे, आणि एका गाडीत हात बसलेला फिटर दुसरीपुढे नवखा. पुढच्या काळात एसटीचा ताफा टाटा आणि लेलँड या दोन चॅसिसभोवती स्थिरावला. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांच्यावर बॉडी बांधली जाऊ लागली. हजारो गाड्या वर्षानुवर्षे चालवणाऱ्याला सर्वांत जास्त मोल एकसारखेपणाचे असते, हे एसटीच्या भांडारात जितके स्पष्ट दिसते तितके कुठल्या तुलनात्मक तक्त्यात दिसणार नाही.

1953 साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की जी कंपनी टप्प्याटप्प्याने सुटे भाग इथेच बनवायला तयार असेल तिलाच परवानगी द्यावी. सरकारने ती स्वीकारली. नुसत्या जोडणीवर चाललेल्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि 1954 मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. पुढे तीस वर्षे ‘इंपोर्टेड’ मोटार ही बाळगायची आणि मिरवायची चीज होऊन बसली. रोज चालवायला मात्र ती गैरसोयीची. भाग मिळेनासे झाले तसे मिस्त्री इथल्याच गाड्यांचे भाग घासूनपुसून तिला बसवू लागले. मुंबईतल्या ऑपेरा हाउस परिसरातली आणि पुण्याच्या नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने भरभराटीला आली ती देशात बनणाऱ्या गाड्यांच्या जिवावर.

या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण टाटांच्या टेल्कोचे आहे. 1945 साली रेल्वे इंजिने बनवण्यासाठी निघालेल्या या कंपनीने 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपुरातून पहिला ट्रक बाहेर पडला. नाकावर मर्सिडीजचा तारा असल्याने ड्रायव्हर-मालकांच्या तोंडी तो ‘बेंझ’च होता. पण त्या पंधरा वर्षांत एकेक भाग इथे ओतला, ठोकला आणि कातला जाऊ लागला. 1969 मध्ये करार संपला, तारा उतरला आणि त्या जागी ‘टी’ आला, तेव्हा ट्रक घेणाऱ्याच्या दृष्टीने फारसे काही बदलले नाही. पिस्टन तोच होता आणि पूर्वीच्याच दुकानात मिळत होता. हे घडवण्यात टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांचा वाटा फार मोठा. पुण्याला पिंपरी-चिंचवडच्या माळावर 1966 पासून कारखान्याची उभारणी सुरू झाली, तेव्हा त्यांनी आधी यंत्रे आणि साचे बनवणारा विभाग उभा केला. ट्रक त्यानंतर आले. गाडी बनवण्याआधी गाडी बनवणारी यंत्रे बनवावीत, हा विचार त्या काळी महागडा वाटला असेल. पिंपरी-चिंचवडभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांचे जे जाळे पसरले, त्याचे मूळ याच क्रमात आहे.

ट्रक तेव्हा पुरा मिळत नसे. मिळे तो सांगाडा: चॅसिस, इंजिन, बॉनेट आणि पुढची काच. डोक्यावर छप्पर नाही, बाजूला दार नाही, बसायला लाकडी फळी. तोंडाला फडके गुंडाळलेले ड्रायव्हर असे सांगाडे हमरस्त्याने शेकडो मैल चालवत न्यायचे. पुढे गावातला सुतार-लोहार त्यावर लाकडी बॉडी बांधी आणि मालक मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत दोन-तीन पाटे जादा घालून घेई. कारण कागदावर जेवढा माल लिहिलेला असे त्याहून जास्त गाडीवर चढणार हे सर्वांना ठाऊक होते. कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात पाटा तुटला तर जवळच्या लोहाराकडे तो बदलून गाडी त्याच रात्री लाइनवर लागे. जर्मन अभियंत्याने हे जादा पाटे आराखड्यात काढले नव्हते. ते इथल्या रस्त्याने आणि इथल्या भाड्याने घालायला लावले आणि ट्रकचे आयुष्यही त्यांनीच वाढवले.

मोटारींत हीच वाट फियाटने चोखाळली. प्रीमियरने 1950 च्या सुमारास इटलीच्या फियाटशी करार केला. 1954 मध्ये आलेल्या गोल पाठीच्या 1100 ला मुंबई-पुण्यात ‘डुक्कर फियाट’ हे प्रेमाचे नाव पडले. 1964 साली 1100 डिलाइट आली. 1973 मध्ये तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट आणि लगेचच पद्मिनी झाले. नावे बदलली तरी गाडी जवळजवळ तीच राहिली: 1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढे अखंड सीट. गाडी वर्षानुवर्षे न बदलल्याबद्दल प्रीमियर आणि हिंदुस्थान मोटर्सवर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यच होती. ग्राहकाला वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे आणि हातात पडे ते जुने यंत्र. पण त्या न बदलण्याचा एक फायदा मालकाच्या पदरात पडला. 1966 च्या गाडीला 1986 चा भाग बसे. कुर्ल्याच्या भंगारातून काढलेला गिअर बॉक्स माहीमच्या टॅक्सीत चढे. इंजिन धूर ओकू लागले की ते उतरवायचे, सिलिंडर बोअर करायचे, जाड पिस्टन आणि नव्या रिंगा टाकायच्या, क्रँक लेथवाल्याकडून घासून आणायचा आणि गाडी पुन्हा पाच-सात वर्षे बिनघोर हाकायची. हे काम गल्लीतल्या गॅरेजात दोन माणसे चार दिवसांत करत. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या अँबॅसिडरचीही हीच कथा आहे.

टेम्पोने तर त्याहून पुढचा पल्ला गाठला. जर्मनीतल्या विडाल कंपनीची तीनचाकी हॅन्सीट गाडी 1958 पासून बजाज टेम्पोने आधी गोरेगावला आणि मग आकुर्डीला बनवली. जर्मनीत ती केव्हाच इतिहासजमा झाली. इथे ती दशकानुदशके बाजार समित्यांच्या दारात उभी राहिली आणि तिचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. आज मालवाहू छोट्या गाडीला, मग ती कुठल्याही कंपनीची असो, टेम्पोच म्हणतात. विलिसची जीपही तशीच. महिंद्रने 1949 मध्ये माझगावला ती जोडायला सुरुवात केली. पुढे डिझेल इंजिनासाठी महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजोशी परवाना-करार केला आणि ती इंजिने इगतपुरीला बनू लागली. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या वडापच्या जीपगाड्यांनी माणसांनी खच्चून भरून जो पल्ला मारला, त्यात या फ्रेंच आराखड्याच्या इंजिनांचाही वाटा होता.

1980 च्या दशकाच्या मध्यात परदेशी गाडी नव्या रूपात आली. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी या चार भागीदाऱ्यांनी जपानी हलके ट्रक बाजारात आणले. ते डिझेल कमी पीत, आवाज कमी करत, ड्रायव्हरला आराम देत. 1986 मध्ये टाटांनी पुण्यात बनवलेला 407 त्यांच्यासमोर उभा केला. गुळगुळीतपणात तो जपान्यांच्या मागे होता, पण सांगाडा दणकट होता आणि भाग तालुक्याच्या गावी मिळत. शिवाय 1985 नंतर येनचा भाव डॉलरच्या मानाने तीनेक वर्षांत जवळपास दुप्पट झाला. जपानहून येणारे भाग महागले आणि ज्या कंपन्यांनी ते लवकर इथे बनवले नव्हते त्यांचे गणित कोलमडले. टोयोटा आणि निसान यांची नावे त्या ट्रकांवरून गेली. आयशर टिकली, कारण तिने भाग इथे बनवण्याची घाई केली. या स्पर्धेकडे देशी विरुद्ध जपानी असे पाहिले तर तिचा अर्थ चुकतो. चारही कंपन्यांची यंत्रे चांगली होती. निकाल लागला तो सुटा भाग कुठे बनतो यावर.

डिसेंबर 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने हे आधीच ओळखले होते. सुझुकीची ही 796 सीसीची गाडी सुरुवातीला जपानी भागांतूनच जोडली जात असे, पण पुरवठादार इथे उभे करण्याचे काम पहिल्या दिवसापासून चालू होते. गल्लीतले मिस्त्री तिला आधी बिचकले. पुढच्या चाकांना ताकद देणारे आडवे इंजिन त्यांनी पाहिले नव्हते. दहा वर्षांत तीच गाडी त्यांच्या हाताखाली सर्वांत सोपी ठरली.

खुल्या धोरणानंतरच्या काळात मालकांना नफा-नुकसान दोन्ही अनुभवायला मिळाले. कल्याणच्या कारखान्यात प्रीमियर आणि प्यूजो यांनी मिळून 309 ही मोटार काढली. चालवायला ती उत्तम होती, पण भागीदारी काही वर्षांतच मोडली आणि मालक सुट्या भागांसाठी वणवण करू लागले. ज्या प्यूजोचे इंजिन इगतपुरीत रुजले तिचीच मोटार कल्याणला पोरकी झाली. देवूची मॅटिझही कंपनी बुडाल्यावर पोरकी झाली. 1994 ची टाटा सुमो, जिच्या नावात सुमंत मुळगावकरांच्या नावाची अक्षरे आहेत, आणि 2000 साली आलेली टोयोटा क्वालिस यांची तुलना मात्र भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्यांत वर्षानुवर्षे रंगली. सुमो स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारी, पण सतत काहीतरी मागणारी. क्वालिस महाग, पण लाखो किलोमीटर इंजिन न उघडता जाणारी, असा तिचा लौकिक होता. इथे पारडे परदेशी गाडीकडे झुकले आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. टोयोटाने या वेळी किर्लोस्करांच्या साथीने बिडदीला पाय रोवले होते आणि भागांची टंचाई पडू दिली नाही.

पुढे जनरल मोटर्सने 2017 अखेर इथली विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना आणखी काही काळ निर्यातीपुरता चालला. 2021 मध्ये फोर्डनेही उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. दोन्ही वेळी वापरलेल्या गाड्यांच्या किमती कोसळल्या. फियाटच्या मालकांचे नशीब थोडे बरे निघाले. रांजणगावला बनलेले फियाटचे 1.3 लिटर डिझेल इंजिन टाटांच्या गाड्यांत होते आणि त्याच आराखड्याचे इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही. त्यामुळे फियाटच्या पुंटो मोटारीच्या इंजिनाचे काम मारुतीवाला मिस्त्रीही करू शके.

गाडीचे आयुष्य ठरवण्याचा अधिकारही हळूहळू मिस्त्रीच्या हातून गेला. मुंबईच्या टॅक्सींना सीएनजी आला तेव्हा पद्मिनीने तोही पचवला. डिकीत गॅसची टाकी बसली आणि प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर गेल्या. नंतर टॅक्सीच्या वयाला आधी पंचवीस आणि मग वीस वर्षांची मर्यादा आली. कारखाना केव्हाच बंद पडला होता, तरी जुन्या गाड्यांचे भाग काढून, लेथवर कातून, गाडीला गाडी जोडून पद्मिनी चालत राहिली. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षे भरल्यावर, 30 ऑक्टोबर 2023 पासून, मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही.