पाबळची लॅब, पंपाचा फोन आणि झोपणारी चिप

आजच्या भागात आपण जातोय केंदूरला. पुणे जिल्हा, शिरूर तालुका. कांदा, बाजरी, विहिरी, बेभरवशाचा पाऊस आणि पाळीनं येणारी थ्री-फेज. समजा, इथल्या एखाद्या पोराला घरामागच्या विहिरीची पातळी मोबाईलवर बघायचीय. वाय-फायचं छोटं बोर्ड दोन-तीनशे रुपयांत मिळतं. प्रोग्राम व्हिडिओ बघून जमतो. मग गाडी अडते कुठे? विजेवर! आणि हे कोडं या पट्ट्यात बरंच जुनं आहे.

केंदूरच्या शेजारचं गाव पाबळ. मस्तानीच्या कबरीमुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी इथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत पीएचडी केलेला हा माणूस हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून दुष्काळी गावात आला. पद्धत एकच, काम करता करता शिकायचं. वेल्डिंग, वायरिंग, शेती, अगदी जमिनीचा विद्युत रोध मोजून पाणी कुठे लागेल याचा अंदाज घेणंसुद्धा. मुलं अशी कामं गावासाठी पैसे घेऊन करायची. म्हणजे परीक्षक कोण? गिऱ्हाईक! जोडणी कच्ची राहिली तर मार्क कापले जात नाहीत, माणूस दारात येऊन उभा राहतो.

२००२ मध्ये याच पाबळला फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. संगणकावर आराखडा काढा आणि यंत्रावर सुटा भाग किंवा सर्किट कापून घ्या. तिथे चर्चा कशाची होती? दुधाचा कस मोजायचा कसा, डिझेल इंजिन नीट ट्यून करायचं कसं. यंत्रं परदेशातून आली, प्रश्न मात्र गोठ्यातले आणि विहिरीवरचे होते.

दुसरा धागा पुण्यातला. संतोष ओस्तवाल यांनी मोबाईल थेट पंपाच्या स्टार्टरशी जोडला आणि ‘नॅनो गणेश’ तयार झालं. घरून फोन लावायचा, मोटर चालू. रात्रीच्या पाळीला अंधारात, विंचू-काट्यातून मोटरीपर्यंत जाण्याची पायपीट वाचली. २००९ मध्ये त्याला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं. बोलण्यासाठी केलेला फोन शेतकऱ्याच्या कामाला जुंपला गेला. हॅकिंग म्हणतात ते हेच की!

आता येऊ आपल्या बोर्डाकडे. २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप बाजारात गाजली. सुरुवातीला ती दुसऱ्या बोर्डाला वाय-फाय देणारा जोडभाग म्हणून विकली जायची, कागदपत्रं चिनी भाषेत. हौशी लोकांनी ती उलगडली आणि लक्षात आलं की या चिपवरच आपला प्रोग्राम चालतो, दुसरं बोर्ड लागतच नाही.

पण तिची भूक बघा. वाय-फाय चालू असताना साधारण ८० मिलीअँपिअर, संदेश पाठवताना क्षणभर ३०० च्या पुढे. वायर बारीक किंवा चार्जर हलका असला की व्होल्टेज पडतं आणि चिप पुन्हापुन्हा रीसेट होते. पोरगं प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतं, दोष असतो पुरवठ्यात! चिपजवळ एक कपॅसिटर लावला तर बऱ्याचदा काम भागतं.

आता हिशोब. २,५०० मिलीअँपिअर-तासांचा लिथियम सेल ८० नं भागा, ३१ तास. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबी गप्प. पण विहिरीची पातळी दर सेकंदाला कुठे बदलते? अर्ध्या तासाला १० सेकंद जागं व्हा, बाकी वेळ झोपा. दिवसाला जागेपण फक्त ८ मिनिटं, खर्च सुमारे ११ मिलीअँपिअर-तास. कागदावर तोच सेल सात महिने चालतो. त्यासाठी डी-झिरोची पिन रीसेटला एका वायरनं जोडायची, म्हणजे चिप स्वतःच स्वतःला उठवते. प्रत्यक्षात दिवस कमी भरतात, कारण बोर्डावरचा यूएसबीचा भाग आणि रेग्युलेटर चिप झोपली तरी वीज खात राहतात. म्हणून जाणकार नुसती चिप वापरतात, सोबत छोटं सोलर पॅनेल देतात. सेल मात्र संरक्षण सर्किटवालाच घ्या. लिथियम सेल शॉर्ट झाला तर पेट घेतो.

तयार, सीलबंद डबीही मिळते. पण तिची कंपनी बंद पडली, ॲप बंद झालं की ती खोकं होऊन बसते. उघडता येणारी वस्तू गावातच दुरुस्त होते, आणि दुरुस्त करणाऱ्याला गावातच काम मिळतं. कलबाग सरांची शाळा याच भरवशावर उभी राहिली.

तेव्हा तुमच्या घरातली बंद पडलेली एखादी डबी या आठवड्यात उघडा. आधी प्लग काढा बरं का! आणि मल्टिमीटरनं पहिलं मोजा, वीज पोचतेय का? भेटू पुढच्या भागात.