धुरके, लंडनचे

धूर व धुके यांच्या मिश्रणाने शहरावर साचणाऱ्या दूषित हवेच्या थरास धुरके म्हणतात. ‘स्मॉग’ ही तदर्थक इंग्रजी संज्ञा १९०५ च्या सुमारास लंडनमध्ये रूढ झाली.

कोळशाचे पूर्ण ज्वलन झाल्यास त्यातील कार्बनाचा कार्बन डाय-ऑक्साइड बनतो. उघड्या घरगुती शेगडीत ज्वलन अपुरे राहून काजळी, डांबरी द्रव्ये व कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. कोळशातील गंधकापासून सल्फर डाय-ऑक्साइड वायू निर्माण होतो व धुक्याच्या थेंबांत त्याचे सल्फ्यूरिक अम्ल बनते.

न्यूकॅसलहून समुद्रमार्गे येणारा दगडी कोळसा लंडनमध्ये तेराव्या शतकापासून वापरात होता. पहिल्या एडवर्डने चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यावर घातलेली बंदी टिकली नाही. जॉन ईव्हलिन याने १६६१ मध्ये फ्यूमिफ्यूजियम या पुस्तिकेत मद्य, चुना, साबण इत्यादींचे कारखाने शहराबाहेर हलविण्याची सूचना केली. घरातील चुलींना मात्र त्याने फारसा दोष दिला नाही. हाच दृष्टिकोन पुढे कायद्यांतही दिसतो. १८५३ च्या कायद्याने कारखान्यांच्या भट्ट्या व टेम्स नदीतील आगबोटी यांच्या धुरावर निर्बंध आले. घरगुती शेगड्या वगळण्यात आल्या. एकेका शेगडीचा धूर अल्प असला, तरी लाखो शेगड्यांचा धूर कमी उंचीवर सोडला जाई.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात वारा पडला होता. जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर पसरल्याने (तापमान विपरीतता) धूर वर जाऊ शकला नाही. थंडीमुळे शेगड्या अधिकच पेटल्या. श्वसन व हृदय यांच्या विकारांनी सु. ४,००० अधिक मृत्यू झाल्याचे तेव्हा मानले गेले. वृद्ध व अर्भके यांना सर्वाधिक झळ पोहोचली. पुढील महिन्यांतील वाढीव मृत्यूंना शासनाने इन्फ्ल्यूएंझा हे कारण दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मृतांची एकूण संख्या सु. १२,००० असावी.

ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला. त्याने धूरनियंत्रित क्षेत्रांत घरगुती धुरासही मनाई केली आणि शेगड्या बदलण्यासाठी अनुदानाची तरतूद केली. मात्र हा कायदा मुख्यतः दृश्य धुरापुरता होता. डिसेंबर १९६२ च्या धुरक्यात शेकडो लोक दगावले, तेव्हा हवेत सल्फर डाय-ऑक्साइडाचे प्रमाण मोठे होते. नैसर्गिक वायू व वीज यांचा वापर वाढल्यावर कोळशाचे धुरके ओसरले. एकविसाव्या शतकात लंडनच्या हवेतील प्रमुख प्रदूषके म्हणजे नायट्रोजन डाय-ऑक्साइड व सूक्ष्म कण होत. त्यांच्या उगमातही वाहनांतील इंधनज्वलनाचा वाटा मोठा आहे.