पोटखराबा

सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राखाली ‘पोटखराब’ असा रकाना असतो. त्यातला ‘पोट’ आपला, पोटहिश्श्यातला. ‘खराब’ अरबी, मूळ अर्थ उजाड. ऐकणाऱ्याला वाटते, दोष मातीतच असणार. पण महसुली नियमांतली यादी वेगळेच सांगते. ‘अ’ वर्गात शेतीला निरुपयोगी ठरलेल्या जमिनीबरोबर शेतकऱ्याचे खळे आणि शेतघरही मोडते. ‘ब’ वर्गात रस्ता, इतरांच्याही वापरातला ओढा, तळे, स्मशान. वर्षाचे धान्य जिथे मळायचे, ती जागाही खराब! म्हणजे हा शब्द मातीचा पोत सांगतच नाही. जमिनीवर महसुलाचा आकार बसतो की नाही, एवढेच सांगतो.

हे वळण एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीचे. ब्रिटिश अधिकारी प्रिंगल याची दख्खनमधली जड आकारणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835-36 मध्ये इंदापुरात नव्याने काम सुरू केले, आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला नियमांचे रूप दिले. मातीची खोली आणि पोत पाहायचा, चुनखडी, वाळू, उतार असे दोष वजा करायचे आणि आण्यांत प्रत ठरवायची. कोणी म्हणेल, खराबा वगळल्याने शेतकऱ्याचा भारच हलका झाला. खरे आहे, त्या सोयीबद्दल तक्रार नाही. मात्र करमाफीची ही खूण पुढे जमिनीचा स्वभाव म्हणून वाचली गेली. महाराष्ट्रात 2018 च्या नियमबदलाने लागवडीखाली आलेला ‘अ’ वर्गाचा खराबा लागवडयोग्य धरून त्याची आकारणी करण्याची वाट मोकळी झाली. कष्ट शेतकऱ्याचे, पण कागदावरची खराबी आकारणीनेच फिटते.

माणसाच्या मोजणीचे सोडा, उपग्रह तरी निःपक्ष असेल, हा आक्षेप अधिक वजनदार. पण उपग्रह टिपतो तो परावर्तित प्रकाश. त्याला नाव देतो माणूस. 2000 साली उपग्रहचित्रांवरून निघालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खुरट्या झुडपांची जमीनही पडीकच धरली आहे. प्रकाश नवा, रकाना जुना. या रकान्यात न मावणारी जमीन म्हणजे माळ. सोलापूरजवळ नान्नजचा गवताळ माळ माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये अभयारण्यात आला. अशा माळांवर झाडे विरळच, पाऊस थोडा आणि माती उथळ. गवत मात्र टिकते आणि त्यावर धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या चरत आली. त्यांच्या बोलीत ती जागा पडीक नव्हे, माळ आहे.