भिंतीवरचें राजकारण

पालघरच्या किनाऱ्यालगत माहीम, केळवें, तारापूर, चिंचणी ह्या बाजूला एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर पाऊल टाकावें, तर आढ्याखालीं, मान वर करूनच पाहावी लागेल अशी, तसबिरींची एक रांग अजून क्वचित् दृष्टीस पडते. मध्यें रामपंचायतन, एका अंगाला शिवछत्रपति, दुसऱ्या अंगाला लोकमान्य आणि कोपऱ्यांत कोणा पूर्वजाचा पिवळट पडलेला फोटो. बोईसरच्या कारखान्यांच्या आधारानें उभ्या राहिलेल्या नव्या सदनिकांत ही रांग मोडली आहे. तेथें भिंतीला एकच चित्र, आणि तें शक्य तों दूरदेशचें, ही आवड वाढत आहे. डच लोकांचीं दोन-तीन शतकांपूर्वींचीं राजकीय व्यंगचित्रें आतां नव्यानें छापून, चौकटीसह घरपोंच मिळतात. चित्रांतली टवाळी कोणाची, असें विचारलें तर यजमान बहुधा हंसून चहा आणावयास सांगतो.

अशीं चित्रें घरांत टांगण्याची कल्पना मुळांत आजची नाहीं. सतराव्या शतकांतील हॉलंडांत सुस्थितींतल्या गृहस्थाच्या भिंतीवर नकाशा किंवा छापील चित्र असणें नित्याचें होतें. व्हर्मीरच्या चित्रांत मागल्या भिंतीला नकाशे दिसतात ते ह्यामुळेंच. त्या नकाशांतही राजकारण शिरलें होतें. स्पेनशीं लढा चालू असतां १५८३ सालीं नेदरलंडच्या प्रांतांचा नकाशा सिंहाच्या आकारांत काढण्यांत आला, व पुढें कित्येक वर्षें त्याच्या नवनव्या आवृत्त्या निघत राहिल्या. १६७२ सालीं फ्रेंच फौजा देशांत घुसल्यावर रोमेन द हूख ह्या चित्रकारानें तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांतून त्यांचे अत्याचार व पुढें चौदाव्या लुईची फजिती लोकांपुढें मांडली. १७२० सालीं शेअरांच्या सट्ट्याचा फुगा फुटला, तेव्हां त्या वेडाची टर उडविणाऱ्या चित्रांचा एक जाडजूड ग्रंथच बांधला गेला. अशा चित्रांना मथळा असे, खालीं पद्यें असत, पुष्कळदां आंकडे घालून खुलासाही केलेला असे. बघणाऱ्यानें भलता अर्थ काढूं नये, ह्याची पुरी तजवीज!

परंतु त्या देशांतलें मला सर्वांत विचार करावयास लावणारें राजकीय चित्र राजकीय म्हणून काढलेलेंच नव्हतें. यान आसेलेन ह्या चित्रकारानें १६५० च्या सुमारास एक हंस रंगविला. पंख उभारून, मान ताणून, तो घरट्यांतल्या अंड्यांचें पोहत येणाऱ्या कुत्र्यापासून रक्षण करीत आहे. एवढेंच तें चित्र. आसेलेन १६५२ सालीं वारला. पुढल्याच वर्षीं योहान द विट हा हॉलंडचा मुख्य कारभारी झाला. त्यानें जवळजवळ वीस वर्षें राज्य सांभाळलें, आणि १६७२ सालीं हेग शहरांत पिसाळलेल्या जमावानें त्याला व त्याच्या भावाला ठार मारलें. मागाहून कोणीं तरी त्या चित्रावर अक्षरें घातलीं: हंसापाशीं कारभाऱ्याचें पद, एका अंड्यावर ‘हॉलंड’, कुत्र्यावर ‘राज्याचा शत्रु’. चित्रकाराला ठाऊक नसलेलें राजकारण त्याच्या हंसाला चिकटलें, तें कायमचें. १८०० सालीं डच राष्ट्रीय चित्रसंग्रह स्थापन झाला, तेव्हां त्यासाठीं विकत घेतलेलें पहिलें चित्र हेंच होय.

आमच्या भिंतींवर असेंच घडलें, मात्र अक्षरें न घालतां. १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं स्नेह्यांसह पुण्यास चित्रशाळा काढली. तिच्या शिळाछापावरून रामपंचायतन निघालें, तसे नाना फडणविसही निघाले. पेशवाई बुडून तेव्हां साठच वर्षें झालीं होतीं. तारापुरास तर हा इतिहास पुस्तकांतला नव्हे. तेथल्या किल्ल्याच्या वेढ्यांत १७३९ च्या जानेवारींत बाजी भिवराव पडला. अशा गांवीं नाना फडणविसांची तसबीर देवांच्या रांगेंत लावणाऱ्या माणसाला ती नुसती शोभेची वाटली असेल, असें मला वाटत नाहीं. पण तो तसें बोलणार कशाला?

हंसाचें खरें भावंड मात्र निराळेंच आहे. राजा रविवर्म्यानें १८९० सालीं बडोद्याच्या गायकवाडांसाठीं केलेल्या चित्रांत सैरंध्रीवर हात टाकणारा कीचक आहे. रविवर्मा १९०६ सालीं निवर्तला. पुढल्याच वर्षीं खाडिलकरांचें ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलें, आणि कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हें प्रेक्षकांस कोणीं सांगावें लागलें नाहीं. १९१० सालीं सरकारनें नाटक बंद केलें. तें पाहून घरीं परतलेल्या माणसाला रविवर्म्याचा कीचक पूर्वींसारखा दिसला असेल काय?

उघडी टवाळी आमच्याकडे नव्हती असें नाहीं. पालघर २०१४ पर्यंत ज्या ठाणें जिल्ह्यांत होतें, त्याच जिल्ह्याच्या ठाणें शहरीं ‘हिंदुपंच’ हें विनोदी पत्र निघत असे. त्याची जीभ इतकी तिखट, कीं १९०९ सालीं गोखल्यांसारख्या सौम्य पुरुषालाही त्यावर फिर्याद करावी लागली. पण तें वाचून हंसलें, शेजाऱ्याला दिलें, कीं अंक रद्दींत जाई. भिंत देवांची आणि वडिलांची. ज्याला हंसावयाचें त्याला तेथें जागा नाहीं, ही आमची रीत. म्हणून राजकारणाला भिंतीवर चढावयाचें तर देवाचा किंवा पुराणपुरुषाचा वेष घेऊनच चढावें लागलें. सरकारच्याही हें ध्यानांत आलें असावें. १९१० च्या मुद्रणविषयक कायद्यांत आक्षेपार्ह शब्दांबरोबर खुणा व दृश्य आकृतीही गोंवलेल्या आहेत. पण रामपंचायतनाच्या तसबिरीवर तो कायदा लावणार कसा? ती रांगेच्या मधोमध तशीच राहिली, आणि खालीं बसून मंडळी केसरी वाचीत राहिली.