धावडाची भट्टी

१. धावडाची भट्टी : लेखकाने चाकणच्या फाउंड्रीतील भट्टीला हे नाव दिले आहे ते केवळ अलंकारिक. धावड म्हणजे महाबळेश्वर परिसरात जांभ्याच्या पट्ट्यातील खनिजापासून लोखंड काढणारे कारागीर. मातीच्या भट्टीत ते खनिज आणि लोणारी कोळसा भरून भाता चालवत. लोखंड वितळण्यास लागणारी १५३८ अंश सेल्सिअसची धग तिथे नसे. पण कोळसा खनिजातला ऑक्सिजन काढून घेई, मळी पाझरे आणि सच्छिद्र गोळा उरे. तो लाल असतानाच घणाने ठोकून मळी झाडत. इंग्रजी अमदानीत जंगलावर निर्बंध आले, कोळसा दुर्मीळ झाला आणि भट्ट्या विझल्या. लोखंड काढण्याची ही रीत महाराष्ट्रात जुनीच : नागपूर जिल्ह्यातील नायकुंडच्या उत्खननात (१९७८-८०) महापाषाणयुगीन भट्टी सापडली आहे. चाकणला साच्यात ओततात तसा लोखंडाचा रस मात्र धावडांच्या भट्टीत होत नसे. — संपा.