जगाचा इतिहास आणि आपले शनिवार तेली

शाळेच्या इतिहासात ज्यू लोक भेटतात ते बहुधा हिटलरच्या धड्यात. १९३३ साली तो जर्मनीत सत्तेवर आला, १९३५ च्या कायद्यांनी तेथील ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेतले, आणि पुढे महायुद्धाच्या काळात साठ लाख ज्यू मारले गेले. मुले तेवढे पाठ करतात व पुढच्या धड्याकडे वळतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा पुस्तके लिहिणाऱ्यांना शिकविण्याचा माझा अधिकार नाही. तरी या धड्याला आपल्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे एक पान जोडावे असे मला फार वाटते.

आपल्याकडचे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिले शनिवार तेली. आडनावेही आपल्याच गावांची : नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर. बोली मराठी, नेसणे लुगडे. वल्हांडण सणाची त्यांची पोथी १८४६ साली मुंबईस मराठी भाषांतरासह निघाली. अलिबागच्या इस्राएल आळीतील प्रार्थनामंदिर १८४८ सालचे आहे.

ग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली, एक शेमाची प्रार्थना तेवढी तोंडी राहिली; मग धर्म टिकला कसा? माझ्या मते तो स्वयंपाकघराने टिकविला. त्यांच्यात दावीद रहाबी नावाच्या प्रवाशाची कथा सांगतात. हे लोक खरोखर ज्यू आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे रांधायला घेतले व बाकीचे बाजूस सारले, तेव्हा त्याची खात्री पटली. कोळंबी नाही, चिंबोरी नाही! आपल्या किनाऱ्यावर राहून हे पाळायचे म्हणजे काय, ते मी आपणांस सांगायला नको. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून गोडाच्या पदार्थाला नारळाचे दूध.

युरोपात जे झाले ते येथे झाले नाही. धर्मासाठी त्यांना कोणी हाकलले नाही, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो खराही आहे. पण आपण त्यांनाही जातीच्या उतरंडीत बसविले, तेल्याची जी पायरी ती त्यांची, हेही सांगितले पाहिजे. पुढे ते मुंबईस जाऊन शिकले. गांधीजींच्या उपवासात त्यांची प्रकृती पाहणारे डॉ. अब्राहम एरुळकर याच समाजाचे. हिटलरच्या छळातून निसटून आलेल्या ज्यू डॉक्टरांना हिंदुस्थानात व्यवसाय करता यावा म्हणून ते झटले.

१९४८ च्या मे महिन्यात इस्रायल राष्ट्र झाले. त्या वेळी भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. छळ नव्हता, तरी पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक गेले. कोणी धर्माच्या ओढीने, कोणी पोटापाण्यासाठी, आणि पुष्कळसे, धाकटा भाऊ गेला म्हणून. तेथे सारे गोड नव्हते. वागणुकीला कंटाळून काहींनी धरणे धरले आणि १९५२ साली ते भारतात परत आले.

पण सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट १९६२ ची. ज्यूंमध्ये कूळ आईकडून मोजतात. तेथील मुख्य धर्मगुरूंच्या मंडळाने असे ठरविले की, बेने इस्राएलाचे लग्न दुसऱ्या ज्यूशी व्हायचे तर त्याच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे ज्या बायकांनी शतकानुशतके मासे निवडले, शनिवारी चूल पेटविली नाही, त्यांच्याच पदराला हा प्रश्न! नवगावात, किहीमात त्यांना असे कोणी कधी विचारले नव्हते. समाज खवळून उठला, जेरुसलेमात निदर्शने झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंसारखेच आहेत असे जाहीर केले, आणि त्या नियमातून त्यांचे नाव काढावे लागले. इतिहासात लढाया पुष्कळ असतात. आजीच्या नावासाठी झालेली ही लढाई पुस्तकात यायला काय हरकत होती?

हल्ली आपल्या जिल्ह्यात त्यांची घरे मोजकी उरली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तिकडे दिमोना, बीरशेबा, अश्दोद या गावी मराठी घरे आहेत, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघाले. अलिबागजवळ खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहू संदेष्ट्याच्या रथाची खूण त्यावर उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा. इस्रायलहून आलेली कुटुंबे तेथे जातात, नवस फेडतात आणि मलिदा करतात : भिजविलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे.